हिशेबाची खातरजमा

सरकारी दप्तरांपासून घरगुती छायाचित्रांपर्यंत जे जे आज दूरच्या डेटा सेंटरांत जतन केले जाते, त्याचा फार मोठा भाग अजूनही हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणांच्या रूपाने नोंदलेला असतो; आणि त्या खुणा उमटविणाऱ्या हेडचे लेखन-टोक अवघे काही दशक नॅनोमीटर रुंदीचे असल्यामुळे, ते आपली चुंबकीय दिशा निमिषार्धाहूनही कितीतरी कमी अवधीत कशी पालटते, हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय अभियंत्याला जवळजवळ नसतेच. हेड घडविण्यापूर्वी त्याला ते संगणकाच्या हिशेबातूनच पाहावे लागते.

या हिशेबाचा पाया १९३५ साली लांडाऊ आणि लिफ्शिट्झ या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी घातला, आणि विल्यम फुलर ब्राउन यांनी १९६३ साली त्याची ग्रंथरूपाने मांडणी केली. हेडचा धातू अतिसूक्ष्म घनांत विभागावयाचा, प्रत्येक घनाला चुंबकनाची एक दिशा द्यावयाची, आणि शेजारच्या घनांची ओढ, स्फटिकाचा स्वाभाविक कल, बाहेरून लादलेले क्षेत्र व धातूच्याच ध्रुवांचा अंतर्गत विरोध या चौघांच्या ताणाताणीत ती दिशा क्षणोक्षणी कशी वळते ते काढावयाचे, अशी ही रीत आहे. घनाची बाजू पर्मलॉयसारख्या मिश्रधातूत सुमारे ५ नॅनोमीटरपेक्षा बरीच मोठी ठेवली तरी उत्तर येतेच. मात्र ते भरवशाचे राहत नाही, आणि चुकीचे उत्तरही पडद्यावर खऱ्याइतक्याच नीटनेटक्या रंगीत बाणांनी सजून येते. भय आहे ते इथे.

म्हणूनच गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेच्या ‘निस्ट’ या राष्ट्रीय मानक संस्थेच्या पुढाकाराने जे घडले, ते मला या शास्त्राच्या इतिहासातील अत्यंत प्रामाणिक कृत्य वाटते. पर्मलॉयची १ मायक्रॉन रुंद, २ मायक्रॉन लांब व २० नॅनोमीटर जाड पट्टी. क्षेत्र पालटत नेले असता तिचे चुंबकन कसे बदलते, एवढाच प्रमाण-प्रश्न असे हिशेब करणाऱ्या सर्वांपुढे ठेवण्यात आला. निरनिराळ्या गटांची उत्तरे आली, आणि ती एकमेकांशी जुळेनात! हा मतभेद झाकून न ठेवता, कर्त्यांची नावे वगळून, ती उत्तरे सर्वांच्या अवलोकनार्थ प्रसिद्ध करण्यात आली. पुढे आणखी प्रमाण-प्रश्न रचले गेले. ‘ऊम्फ’ नावाची गणनप्रणाली निस्टने कोणासही विनामूल्य खुली केली, आणि बेल्जियममधील गेंट विद्यापीठातून ‘मुमॅक्स’ही तशाच मुक्तहस्ते आली.

आता अशा उघड पडताळणीची निकड अधिकच वाढली आहे. लेसरने तबकडीचा बिंदू तापवून लिहिणाऱ्या नव्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकनाचे परिमाण स्थिर असते हे जुने गृहीतकच त्या तापमानाला ढासळते, आणि समीकरणच बदलावे लागते. आपल्या हेडचा आराखडा कंपन्यांनी गुप्त ठेवावा, त्याला माझी हरकत नाही. परंतु ज्या मापाने तो तपासला, ते माप गुप्त राहता कामा नये.

सरकारी पैशावर चालणाऱ्या आपल्याकडील यंत्रांना तर हे अधिकच लागू आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संगणन-संस्था स्थापन झाली, तिचा पहिला ‘परम’ महासंगणक १९९१ साली तयार झाला, आणि आज तेथील आयसर या विज्ञानसंस्थेत ‘परम ब्रह्म’ सरकारी तिजोरीतील पैशावर चालतो. अशा यंत्रांवर चुंबकीय द्रव्यांचे जे हिशेब होतील, त्यांच्यासोबत संशोधकांनी घनाचे माप, गणनप्रणाली आणि प्रमाण-प्रश्नांवरील आपले उत्तर, न जुळलेले असले तरीही, प्रसिद्ध करावे. आणि अनुदान मंजूर करणाऱ्यांनी ही अट मंजुरीपत्रातच घालावी.