दुरुस्तीची मर्यादा

मुलाचा नागरिकशास्त्राचा अभ्यास घेत असताना एका वाचक भगिनीच्या मनात आलेली शंका त्यांनी आम्हांस पत्राने कळविली आहे. संसदेला राज्यघटनेत दुरुस्ती करता येते, परंतु घटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, असे पुस्तकात दिले आहे. तर ही मर्यादा घटनेच्या नेमक्या कोणत्या कलमात सांगितली आहे, असे त्या विचारतात.

ती कोणत्याच कलमात नाही. घटनाकारांनी लिहिलेल्या ३६८ व्या कलमात दुरुस्तीची रीत तेवढी होती : प्रत्येक सभागृहातील एकूण सदस्यांचे बहुमत, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांचा पाठिंबा, आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती. येथवर बदला, यापुढे जाऊ नका, असे शब्द तेथे नव्हते. मग ही मर्यादा आली कोठून? तिचा माग काढू लागले म्हणजे जी काही स्थळे लागतात, त्यांत वाराणसी हे एक महत्त्वाचे स्थळ आहे.

बिकट प्रश्नावर काशीच्या पंडिताचे मत घ्यावे, ही आपल्याकडील जुनी रीत. मूळच्या पैठणच्या घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर आले होते, हे वाचकांस ठाऊक आहेच. १९६५ च्या फेब्रुवारी महिन्यात काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या विधी विभागात जे व्याख्यान झाले, त्याचे वक्ते मात्र जर्मन होते. त्यांचे नाव डीटर कॉनरॅड. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते कायद्याचे अध्यापन करीत. विषय होता, घटनादुरुस्तीच्या अधिकारावरील अध्याहृत मर्यादा.

प्राध्यापकांनी श्रोत्यांपुढे काही प्रश्न ठेवले. दोन तृतीयांश बहुमत मिळाले म्हणून भारताचे दोन तुकडे करणारी दुरुस्ती करता येईल काय? जीविताची व स्वातंत्र्याची हमी देणारे २१ वे कलम काढून टाकता येईल काय? आपले बहुमत ओसरू लागले आहे असे पाहून सत्तारूढ पक्षाने घटनादुरुस्तीचा अधिकारच पंतप्रधानांच्या सल्ल्याने वागणाऱ्या राष्ट्रपतींच्या हाती दिला तर? किंवा, सारी घटना रद्द करून मोगल बादशहाची अथवा इंग्लंडच्या राजाची सत्ता पुन्हा आणता येईल काय? त्या वेळी हे प्रश्न पुष्कळांना कल्पनेचे खेळ वाटले असतील. परंतु वक्त्यांच्या देशात तो खेळ नव्हता. जर्मनीच्या १९१९ च्या घटनेतही दोन तृतीयांश बहुमताने दुरुस्तीची सोय होती. त्याच बहुमताने, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी, २३ मार्च १९३३ रोजी तेथील संसदेने कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळास देऊन टाकला, आणि तो घटनेस डावलूनही वापरण्याची मुभा दिली. विरोधी सदस्यांपैकी कित्येक त्या दिवशी तुरुंगात होते. कागदोपत्री मात्र रीत पाळली गेली होती. म्हणूनच १९४९ च्या नव्या जर्मन घटनेत, मानवी प्रतिष्ठा व लोकशाहीची मूलतत्त्वे यांना कोणत्याही दुरुस्तीने धक्का लावता येणार नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. आपल्याकडे तसे कलम नसले तरी ज्या खांबांवर दुरुस्ती करणाऱ्या संस्थेचा अधिकार उभा आहे, ते खांब त्या संस्थेला पाडता येत नाहीत, असे कॉनरॅड यांचे म्हणणे होते.

येथे एका मराठी नावाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. या व्याख्यानापूर्वी चारच महिने, ऑक्टोबर १९६४ मध्ये, सज्जनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. मुधोळकर यांनी अशीच शंका लिहून ठेवली होती. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यात केलेला बदल ही निव्वळ दुरुस्ती होय, की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे होय? भाषांतराचे काम करणाऱ्या आमच्यासारख्याला हा प्रश्न विशेष जवळचा वाटतो. मराठीत आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो. वाड्याची दुरुस्ती काढली म्हणजे कौले बदलतील, एखादी भिंत हलेल; पण वाडा उरतो. पायच खणून काढला तर त्यास कोणीही दुरुस्ती म्हणत नाही. मुधोळकरांचे मत मात्र निर्णय ठरले नाही. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर व त्यांच्याशी सहमत असलेल्या न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती वैध ठरविली.

कॉनरॅड यांचे व्याख्यान ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्या हाती आले आणि १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात त्यांनी ते न्यायालयापुढे मांडले. युक्तिवादात बळ आहे, असे सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी म्हटले, परंतु त्यावर निर्णय दिला नाही. तो आला २४ एप्रिल १९७३ रोजी, केशवानंद भारती खटल्यात. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवसांची सुनावणी, आणि सात विरुद्ध सहा असा निकाल. ज्यांच्या मताने पारडे फिरले त्या न्या. खन्ना यांनी आपल्या निकालपत्रात कॉनरॅड यांचा नावानिशी उल्लेख केला आहे.

निकालाने वाद मिटला असे मात्र नाही. जे घटनेत लिहिलेले नाही ते न्यायाधीशांनी त्यात वाचावे काय, आणि चौकटीत काय येते हे तरी कोणी ठरवावे? प्रा. पी. के. त्रिपाठी यांच्यासारख्या कायद्याच्या अध्यापकांनी या निकालावर कठोर टीका केली. आमच्या मते हा आक्षेप हलका नव्हे. निवडून न आलेल्या मंडळींच्या हाती शेवटचा शब्द जातो, ही गोष्ट लोकशाहीत खटकणारच. परंतु पुढची दोन वर्षे पाहता टीकाकारांपैकीही काहींना आपले मत बदलावे लागले. महाराष्ट्राचे महाधिवक्ता राहिलेले होरमसजी सिरवई हे त्या खटल्यात केरळ सरकारच्या बाजूने उभे होते. पुढे आपल्या घटनाभाष्याच्या नव्या आवृत्तीत त्यांनी या सिद्धांताचे समर्थन केले. पुण्यात जन्मलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड १९७३ मध्ये अल्पमतात होते. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७५ मध्ये, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी दुरुस्ती त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी त्याच सिद्धांताच्या आधारे ती अवैध ठरविली.

आता पत्रलेखिका भगिनींना एक विनंती. अधिकृत संहितेची प्रत मिळाल्यास ३६८ वे कलम उघडून त्याचे पाचवे उपकलम मुलाला वाचून दाखवावे. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा असणार नाही, असे तेथे आजही छापलेले आढळेल. ते १९७६ मध्ये घातले गेले. त्याखालची बारीक टाइपातील टीप मात्र वाचावयास विसरू नये : सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या न्यायपीठाने १९८० मध्ये, मिनर्व्हा मिल्स खटल्यात, ते उपकलम अवैध ठरविले आहे.