शिशाचे ओझे कोणाच्या माथी?

जे विष तत्काळ मारते त्याची दखल समाजही घेतो आणि शासनही घेते. परंतु जे विष माणसाला जिवंत ठेवून त्याची बुद्धी आणि बळ कणाकणाने हिरावून घेते, त्याची नोंद ना मृत्यूच्या दाखल्यावर होते, ना अंदाजपत्रकात. शिसे हे या दुसऱ्या जातीचे विष आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत कोण मोजतो हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

शिशाच्या प्रदूषणाचा विषय निघाला की महानगरातील वाहने आणि कारखान्यांच्या भट्ट्या डोळ्यांपुढे येतात. मुचकुंदी नदीच्या मुखाशी, लहानशा किल्ल्याच्या आश्रयाने वसलेले रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगड त्या चित्रात बसत नाही. तथापि कोकण किनाऱ्यावरील अशा मच्छीमार गावांत शिसे परके नाही. पाग पाण्यात फेकल्यावर झपाट्याने तळाशी जावा म्हणून त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवतात. यांत्रिक होड्यांवरील बॅटऱ्यांत शिसे असते. लोखंड गंजू नये म्हणून जहाजांना शिशाचे रोगण देण्याची रीत जगभर होती. आणि देवाच्या पाषाणाला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे तरी शिशाचेच लाल भस्म होय.

यात भयभीत होण्याचे कारण नाही, पण सावध होण्याचे निश्चित आहे. घन शिसे नुसते हाताळल्याने कातडीतून फारसे शरीरात शिरत नाही. धोका त्याच्या धुळीचा आणि धुराचा असतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते; त्याला साधा चुलीचा जाळ पुरतो. जेथे मणी घरीच ओतले जातात, तेथे वितळलेल्या धातूवरील राख भांड्यांवर आणि जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून त्याच्या तोंडात जाते. हाच प्रकार जुने रोगण खरवडताना आणि बॅटरी फोडताना घडतो.

पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा अंश प्रौढाचे शरीर शोषते, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मूल शोषते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते; म्हणजे कुपोषित मुलावर हे संकट दुप्पट कोसळते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि गर्भारपणी तेच शिसे आईच्या हाडांतून गर्भापर्यंत पोहोचते. मेंदूची झालेली हानी पुढे भरून येत नाही. अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी १९९१ मध्ये डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम होती. ती २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर आणण्यात आली. निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००० साली देशभर शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री थांबली, हे फार मोठे यश होय. २००१ मध्ये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम झाले, आणि २०२२ मध्ये त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. २०१६ च्या नियमांनी रंगातील शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. परंतु ते नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरते होते. औद्योगिक रोगणे त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. शिवाय नियम कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचतो. चुलीपर्यंत पोहोचत नाही.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार ज्यांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे, अशी मुले भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख आहेत. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात शिशापायी जगाचे ६ लाख कोटी डॉलरचे, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ६.९ टक्के, नुकसान झाले. त्यात हृदयविकाराने गेलेले ५५ लाख प्रौढ आले आणि पाच वर्षांखालील मुलांची घटलेली बुद्धीही आली. स्वस्त म्हणून वापरला जाणारा धातू प्रत्यक्षात किती महाग पडतो, हे यावरून दिसते. फरक एवढाच की बचत आजची असते आणि किंमत उद्याच्या पिढीकडून वसूल होते.

गरीब मच्छीमाराने पोट भरावे की धातूंची चिकित्सा करीत बसावे, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे, आणि म्हणूनच हा भार त्याच्यावर टाकता कामा नये. ब्रिटनमध्ये गळाला लावायची लहान शिशाची वजने गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये त्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. हंसांसाठी जे शक्य झाले, ते मुलांसाठी अशक्य मानण्याचे कारण नाही. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत तयार मणी रास्त दरात मिळाले, तर घरी शिसे वितळवण्याची गरजच उरणार नाही. ते मणी शिशाऐवजी अन्य धातूचे करण्याचा प्रयोगही मत्स्यव्यवसाय खात्याने करून पाहण्यासारखा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून किनाऱ्यावरील मुलांच्या व गर्भवतींच्या रक्ताची नमुना तपासणी झाली, तर प्रश्नाचा खरा आकार कळेल. औद्योगिक रोगणांनाही तीच ९० भागांची मर्यादा लागू होणे, हे तर केवळ इच्छाशक्तीचे काम आहे.

तोपर्यंत शाळेने एवढे तरी करावे. वर्गात ज्याचे लक्ष लागत नाही, पाठ केलेले ज्याच्या ध्यानात राहत नाही, त्या मुलावर 'मठ्ठ' असा शिक्का मारण्यापूर्वी त्याच्या घरात काय वितळते, काय खरवडले जाते आणि त्याच्या ताटात काय पडते, याची चौकशी व्हावी. शिशाने अधू झालेल्या बुद्धीचा दोष मुलाच्या माथी मारणे हा त्याच्यावर होणारा दुसरा अन्याय आहे, आणि तो टाळण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.