सेवा शिकावी लागते



पुंडलिकाची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! आईबापांचे पाय चेपणारा मुलगा, दाराशी उभा देव आणि देवापुढे सरकवलेली वीट. कथा संपते, गजर होतो, आपण घरी येतो. घरी आजी तिन्हीसांजेला पिशवी भरून दाराशी उभी असते. "मला घरी जायचंय," म्हणते. आणि आपण तिच्यावरच ओरडतो, "अगं, हेच तुझं घर!"

हा म्हातारचळ नव्हे आणि सोंगही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे, स्मृतिभ्रंश. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली जर्मनीत वैद्यांच्या सभेपुढे मांडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या दर १०० माणसांत सात जणांना तो आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख आईबाप.

आता आपल्या बदलापूर गावाकडे पाहा. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांजवळ गेली. मुलगा-सून पहाटेची लोकल गाठतात. अंगण-ओसरी सोडून आलेले म्हातारे तिसऱ्या मजल्यावर बसून असतात. मग ब्युरोतून एखादी बाई येते, नाहीतर आजोबा वृद्धाश्रमात जातात आणि तिथेही तशीच एक मावशी असते. तिला या आजाराबद्दल कुणी काय शिकवले? बहुतेक वेळा काहीच नाही.

यावर आपल्यात दोन वाक्ये ऐकू येतात. दोन्ही गोड आहेत आणि दोन्ही घातक.

पहिले वाक्य : "सेवेला शिक्षण कशाला? माया असली की झाले." माउली, मृदंगावर हात बसायला वर्षे जातात. न शिकलेल्याच्या गळ्यात आपण दिंडीत मृदंग अडकवत नाही. मग आईचा देह न शिकलेल्याच्या हाती कसा देतो? ज्ञानेश्वरीच्या १३ व्या अध्यायातली गुरुसेवा पुन्हा वाचा. तिथे नुसता भाव नाही. पादुका, आंघोळ, स्वयंपाक, चूळ भरण्याचे पाणी, एकेक काम माउलींनी मोजून सांगितले आहे.

स्मृतिभ्रंशाची शुश्रूषाही अशीच बारकाव्यांची आहे. रुग्णाला मागून हात लावू नये, समोरून यावे, नजरेच्या पातळीवर बसावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. आजी आपल्या आईला शोधत असेल तर "ती कधीच गेली" म्हणू नये, कारण तिला ते दुःख दरवेळी नव्याने होते. "तुमची आई काय करायची हो?" असे विचारावे. घास भरवताना ताठ बसवावे, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. भ्रम एकाएकी वाढला तर लघवीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा दटावू नये, डॉक्टर गाठावा. नातवाचे नाव विसरलेले आजोबाही पुष्कळदा हरिपाठ सुरात म्हणतात. तो धागा धरावा. यातले काय नुसत्या मायेने सुचेल? माया असलेली माणसेच घाबरून खोलीला कडी लावतात, हात बांधतात.

दुसरे वाक्य : "ही तर सेवा, तिचे पैसे काय मागायचे?" गोरोबाकाकांनी नाम घेत मडकी घडवली, सावतोबांनी मळ्यात विठ्ठल पाहिला. म्हणून त्यांची मडकी आणि भाजी फुकट मागावी काय? बारा तास मलमूत्र काढणाऱ्या, रात्र जागणाऱ्या पोरीला पगार आणि आठवड्याची सुट्टी नाकारायची आणि वर पुण्याची गोष्ट सांगायची, हा परमार्थ नव्हे.

कुणी म्हणेल, आईला परक्या हाती देणे हेच पाप. पण पुंडलिकाला पहाटेची लोकल गाठायची नव्हती. नोकरी सोडता येत नाही म्हणून कुणी पापी होत नाही. बदलापूरचीच 'आधार' संस्था पाहा. आपल्यामागे आपल्या मतिमंद मुलांचे काय, या काळजीतून पालकांनी ती उभी केली. माया त्यांच्याकडे होतीच, पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी मुलांसाठी कायमच्या निवासाची सोय केली.

तेव्हा मागणे एवढेच आहे. येत्या एकादशीला मंडळ जमेल तेव्हा हा विषय काढा. अन्नदानाच्या वर्गणीतून थोडे बाजूला ठेवा आणि गावातल्या दोन होतकरू मुलामुलींना वृद्धशुश्रूषेच्या प्रशिक्षणाला पाठवा. मुलगेही पाठवा, हे काम बायकांचेच असे कोणत्या संताने सांगितले? शिकून आल्यावर त्यांना रास्त मोबदला द्या. आणि महिन्यातून एकदा त्यांना हरिपाठानंतर अर्धा तास द्या, म्हणजे घरोघरच्या सुना-मुलांनाही ते शिकता येईल.

पंढरीची वाट दाखवायला जाणता माणूस लागतो, हे वारकऱ्याला सांगायला नको. वाट विसरलेल्या आईबापांनाही तसाच जाणता माणूस हवा आहे.

राम कृष्ण हरी.