टॅटूला विरोध जरूर करा, पण माझ्या तोंडून खोटं बोलवू नका

मागच्या वर्षी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी एकवीस वर्षांची, तब्येतीची काही तक्रार नाही. तिला मनगटावर छोटा टॅटू करून घ्यायचा होता आणि त्यावरून घरात महिनाभर अबोला होता. तिला बाहेर बसवून ते मला म्हणाले, "डॉक्टर, माझं ती ऐकत नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा की टॅटूने कॅन्सर होतो. तुमच्या शब्दावर गप्प बसेल."

अशी विनंती मला वर्षातून चार-पाच वेळा तरी होते. आता मी सरळ नाही म्हणतो, कारण एकदा मी हो म्हटलं होतं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. एक आई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आली होती. मी घाईत होतो. "एड्स होतो, कावीळ होते, नाद सोड," असं दोन वाक्यांत सांगून मी पुढचा पेशंट बोलावला. का होते, कशी होते, सुईचा आणि शाईचा काय संबंध, याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आई खूश झाली. पुढच्या वर्षी त्या मुलाने गावच्या जत्रेत, रस्त्याकडेला बसलेल्या माणसाकडून दंडावर नाव गोंदवून घेतलं. त्याच सुईने त्याच्या आधी किती जणांना गोंदलं होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. घरी कळू नये म्हणून आठ दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत हळद आणि टूथपेस्ट. माझ्याकडे आला तेव्हा ताप होता, दंड सुजून लाल झाला होता आणि चीर देऊन पू काढावा लागला. "आधी का नाही आलास?" असं विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही आईच्या बाजूचे ना."

मग रक्ताच्या तपासण्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. संसर्ग झाल्या झाल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा. ते तीन महिने त्या मुलाने कसे काढले ते मी पाहिलं आहे. रिपोर्ट चांगले आले. ते त्याचं नशीब, त्यात माझ्या सल्ल्याचं श्रेय काही नाही.

म्हणून सांगतो, पालकहो, मुलांना खोट्या वैद्यकीय कारणांनी घाबरवू नका. ती दहा मिनिटांत मोबाइलवर शोधतात. एक गोष्ट खोटी निघाली की तुमच्या उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टीही जातात, आणि त्यातली एखादी जीव वाचवणारी असते.

आता कॅन्सरचंच घ्या. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात राहत नाही, तो थर तर महिनाभरात झडून नवा होतो. सुई ती खालच्या थरात सोडते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत, म्हणून खूण टिकते. काही कण जवळच्या लसिका ग्रंथींत जाऊन बसतात. ते तिथे वर्षानुवर्षं काय करतात, हा रास्त प्रश्न आहे. २०२४ साली स्वीडनमध्ये सुमारे बारा हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टॅटू असलेल्यांमध्ये लिम्फोमाचा धोका साधारण २१ टक्क्यांनी जास्त दिसला. पण टॅटू मोठा म्हणून धोका जास्त, असं दिसलं नाही. आणि मुळात लिम्फोमा हा विरळा आजार आहे. यावरून टॅटूने कॅन्सर होतो असं म्हणता येत नाही. काहीच होत नाही, असंही नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, त्या उगाच नाहीत. हे सगळं मी त्या मुलीला सांगू शकतो. "कॅन्सर होतो, गप्प बैस" हे नाही.

खरा धोका रक्ताचा आहे आणि तो चित्राचा नसून सुईचा आहे. दुसऱ्याला टोचलेली सुई, अनेकांसाठी वापरलेली शाईची एकच वाटी, न बदललेले हातमोजे. हिपॅटायटिस बीवर लस आहे. तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. आज विशी ओलांडलेल्या कित्येकांना लहानपणी ती मिळालेली नाही, कारण देशभर सरकारी लसीकरणात ती बरीच उशिरा आली. हिपॅटायटिस सीवर लस नाही. गोळ्यांनी तो बहुतेकांत बरा होतो, पण आधी तो आहे हे कळायला हवं, आणि तो वर्षानुवर्षं काहीच त्रास देत नाही. म्हणूनच टॅटू केल्यावर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करू देत नाहीत.

आणि बघा, यातला प्रत्येक धोका लपूनछपून केलेल्या टॅटूत वाढतो. ज्याला घरी सांगायचं नसतं तो स्वस्तातली जागा शोधतो, पॅकेटमधली नवी सुई समोर फोडायला सांगायला लाजतो, जखम झाकून ठेवतो आणि डॉक्टरकडे उशिरा येतो. घरच्यांच्या विरोधाने टॅटू क्वचितच थांबतो. बहुतेक वेळा तो वाईट जागी जाऊन होतो.

"आपल्यात हे चालत नाही," असं वडील म्हणतात तेव्हा मला हसू येतं. आपल्यात म्हणजे कुणात? माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर ठिपके होते, हातावर तुळस होती. मेल्यावर बरोबर येतं ते फक्त गोंदण, अशी तिची श्रद्धा. टॅटूवाली तरुण मंडळी हा दाखला फार उत्साहाने देतात, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. आजीला कुणी विचारलं नव्हतं. सात-आठ वर्षांच्या पोरीला दोघींनी धरून ठेवायचं आणि गोंदणारणीने सुया टोचायच्या. ती ओरडायची, बायका गाणी म्हणायच्या. म्हणजे तेव्हा गोंदवून घ्यायला लावणारं घर होतं आणि आता मनाई करणारंही घरच आहे. जिची कातडी तिला दोन्ही वेळा विचारलं गेलं नाही.

पण मुलांनो, तुमचंही सगळंच बरोबर नाही. अठरा पूर्ण नसतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही, थांबा. "आवडला नाही तर लेझरने पुसू" ही समजूत कुठून येते कोण जाणे. लेझरच्या सहा, दहा, कधी त्याहून जास्त बैठका लागतात, मध्ये दीड-दोन महिन्यांचं अंतर, आणि खर्च टॅटूच्या कितीतरी पट. काळा रंग त्यातल्या त्यात जातो. हिरवा, पिवळा चिवट. आपल्या सावळ्या त्वचेवर मागे पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो. कान टोचल्यावर गाठ आली होती का, ते आईला विचारा. आली असेल तर दंड आणि छाती या जागा विसरा. कोड किंवा सोरायसिस असेल तर टोचलेल्या जागी तो नव्याने उमटू शकतो. अंगावर रॅश आणण्यात लाल रंग सर्वांत बदनाम आहे. भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आधी जाहिरातीतला नियम शब्दशः वाचावा. सैन्यात कायमचा टॅटू कोपर ते मनगट हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, आदिवासी परंपरेला वेगळी सवलत आहे. दंडावर प्रेयसीचं नाव लिहून मैदानावर धावणाऱ्या पोरांचं मला खरंच वाईट वाटतं.

तर ते गृहस्थ. मी त्यांना विचारलं, "कॅन्सर सोडा. तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?" बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "उद्या स्थळं बघायची. लोक काय म्हणतील?" मला हे कारण पटत नाही. पण ते खरं होतं, आणि बापाला ते बोलून दाखवायचा अधिकार आहे. "हे तुमच्या तोंडाने तिला सांगा," म्हटलं, "माझ्या नको." मुलीला आत बोलावलं. त्यांनी सांगितलं. ती चिडली, रडली, मग म्हणाली, "हे आधी का नाही बोललात बाबा? मी महिनाभर कॅन्सरवर वाचत बसले."

त्या दिवशी तिला हिपॅटायटिस बीचा पहिला डोस दिला. दुसऱ्याला बाबाच घेऊन आले होते. तिसराही गेल्या आठवड्यात झाला. मनगट अजून कोरं आहे आणि वाद अजून चालूच आहे, आता स्टुडिओ कोणता यावर.