मेकॅनिकलला जायचंय? आधी हात काळे करा

परवा साखरखेर्ड्याच्या बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, पोराले मेकॅनिकलले टाकतो. कॉलेज सुरू व्हायच्या आत पहिल्या वर्षाच्या गणिताचा क्लास लावू का?" मी म्हटलं, "अरे, सोयाबीनचे पैसे आणखी किती क्लासांत घालणार? त्याला महिनाभर ट्रॅक्टरच्या गॅरेजात बसव." त्याचा चेहराच पडला!

पण माझं म्हणणं ठाम आहे. पहिल्या वर्षाचं पुस्तक कॉलेज शिकवणारच आहे. यंत्र मात्र पोरानं पाहिलेलं असेल, असं तिथे गृहीत धरतात. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं, हे उघडलेल्या इंजिनाजवळ मिस्त्रीनं सांगितलं की जन्मात विसरत नाही. पान्ह्याचा दांडा लांब असला की घट्ट नट का सुटतो, हे हाताला कळलं की 'टॉर्क' शब्दाची भीती उरत नाही. (फिरत्या पट्ट्यापासून मात्र लांब राहा, बाबांनो.)

दुसरं, ड्रॉइंग. घरातली साबणाची डबी घ्या, मिलिमीटरमध्ये मोजा आणि समोरून, वरून, बाजूने अशी तीन चित्रं काढा. आमच्या नात्यातला एक पोरगा बारावीला उत्तम गुण घेऊन गेला आणि पहिल्याच सत्रात ड्रॉइंगमध्ये नापास झाला. फोनवर रडत म्हणाला, "आजोबा, ती वस्तू मला डोळ्यांसमोर दिसतच नाही." दोन वर्षांत त्यानं प्रश्नसंचाशिवाय काही पाहिलंच नव्हतं!

गणित नको असं नव्हे. त्रिकोणमिती, सदिश, कलन यांची उजळणी रोज तासभर करावी. त्याला बारावीची जुनी पुस्तकं पुरतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे ती सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. काळ बदलला, आज पदवी हवीच. पण हात आणि डोळा कुठे बदलले?

खरं सांगू? दोष माझाही आहे. वर्गात मीच म्हणायचो, "शिकला नाहीस तर गॅरेजात जाशील." हाताच्या कामाची लाज आम्ही मास्तरांनीच पेरली. आज तेच वाक्य उलटं सांगत फिरतोय... गॅरेजात गेला नाहीस, तर शिकशील कसा?

असो. आपल्याला काय वाटतं, जरूर कळवा.