एक गुण जास्त, तरी हार

८ जून २०२५ रोजी पॅरिसच्या लाल मातीवर अल्काराझने सिनरला ५ तास २९ मिनिटांनी हरवले. बँकेत आयुष्य गेल्याने माझी नजर आधी बेरजेवर जाते. एकूण गुण सिनरचे १९३, अल्काराझचे १९२! चौथ्या सेटमध्ये विजेतेपद सिनरपासून एका गुणावर होते. लागोपाठ तीन संधी आल्या, तिन्ही हुकल्या, आणि बक्षीस निम्म्यावर आले.

आमच्या गोंदियाच्या धान उत्पादकाला हा हिशेब नवा नाही. हंगामभर कष्ट चोख. कडपा शेतात पडलेल्या असताना अवकाळी पाऊस. फरक इतकाच, की हरलेल्या सिनरला पावणेतेरा लाख युरो मिळाले.

ती तांबडी माती म्हणजे विटांचा चुरा. वीटभट्ट्या आमच्याकडेही आहेत. तसले कोर्ट मात्र पोरांनी बहुधा टीव्हीवरच पाहिलेले.