तात्पर्याचे गुण कशाला?

दहावीच्या मराठीत ‘कथालेखन’ असते. मुद्दे दिलेले, मुलाने गोष्ट फुलवायची, शीर्षक द्यायचे, खाली तात्पर्य लिहायचे. मग मुले तयार तात्पर्येच पाठ करतात. गोष्टीत जीव नसला तरी ‘गर्वाचे घर खाली’ ठोकून देता येते.

बोधकथांचा प्राचीन कथाकार इसाप वर्गात आला तेव्हा त्याच्याकडून वेगळेच काम करून घेतले जाई. पहिल्या शतकातला रोमचा शिक्षक क्विंटिलियन सांगतो तो क्रम असा: मुलांनी इसापाची कथा आधी साध्या भाषेत तोंडी सांगावी, मग तितक्याच साधेपणाने लिहावी. कथा पद्यात असेल तर ओळी मोडून गद्य करावे, शब्द बदलावेत. पुढे कुठे आटोपते घ्यावे, कुठे खुलवावे. मात्र मूळ अर्थ हलता कामा नये.

इसाप आपल्याकडेही जुनाच: मराठी छपाईने बाळसे धरले ते त्याच्याच सोबतीने. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरच्या सरफोजी राजांनी इसापाच्या कथा मराठीत छापून घेतल्या. 1828 मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीति’ निघाली.

या कथांवर सर्वांत बोचरा आक्षेप तत्त्वज्ञ रूसोचा. 1762 च्या ‘एमिल’मध्ये त्याने फ्रेंच कवी ला फोंतेनने पद्यात सांगितलेल्या इसापाच्या कावळा-कोल्ह्याची ओळ न् ओळ सोलली आहे. मोठ्यांना वाटते, मूल खुशामतीपासून सावध होईल. मूल मात्र कावळ्याला हसते आणि कोल्ह्याच्या बाजूने जाते.

रूसोचे निरीक्षण बिनतोड आहे. पण लेखन शिकवणाऱ्याला याहून चांगली संधी कुठली? कावळ्याने चोच उघडण्याआधीच बाईंनी पुस्तक मिटावे आणि पुढची दोन वाक्ये मुलांवर सोपवावीत. कोणाचा कावळा भाकरी पायाखाली दाबून मग गाईल, कोणाचा कोल्हा उपाशी परत जाईल. शेवट बदलायचा तर आधीचे वाचलेले नीट कळलेले असावे लागते. इथे वाचन आणि लेखन एकाच वेळी तपासले जाते. ‘कोल्ह्याला’मधले तीन व्यंजनांचे जोडाक्षरही गरज म्हणून गिरवले जाते, शुद्धलेखनाची शिक्षा म्हणून नव्हे.

म्हणून परीक्षा मंडळाने तात्पर्याचे गुण काढून टाकावेत. त्याऐवजी तीच कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहायला सांगावी. तपासनिसांचे काम वाढेल, हे उघड आहे. प्रत्येक उत्तर वेगळे निघाले की नमुना उत्तराशी ताडून गुण देता येत नाहीत, अख्खी गोष्ट वाचावी लागते.